मजकुरातला आकडा कसा ओळखायचा?

प्रोग्रॅमिंग शिकायला लागल्यावर पहिल्या आठ-दहा दिवसांतच ही अडचण येते. वापरणाऱ्याकडून वय विचारलं, त्याने "25" टाइप केलं, आणि आपण त्यात ५ मिळवायला गेलो. जावास्क्रिप्टने उत्तर दिलं "255". पायथॉनने तर एरर देऊन प्रोग्रॅमच थांबवला. कारण सरळ आहे. की-बोर्डवरून, फाइलमधून किंवा फॉर्ममधून जे येतं ते मजकूर म्हणून येतं. आपल्याला "25" हा आकडा दिसतो. कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन अक्षरं आहेत, एकाचा क्रमांक ५० आणि दुसऱ्याचा ५३. त्या अक्षरांची संख्या करावी लागते, आणि ती होण्यासारखी आहे का हे आधी ठरवावं लागतं.

वाचण्यापूर्वी दोन गोष्टी. फंक्शनची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. एडिटरमध्ये सुरुवातीची अक्षरं टाइप केलीत की पूर्ण नाव समोर येईल. आणि अवतरणचिन्हांतले आकडे जसे टाइप होतात तसेच ठेवले आहेत, कारण 1 आणि १ यांतला फरक पुढे कामाचा आहे.

आधी कागद घ्या

कोड लिहिण्याआधी एक यादी करा. "42", "-7", "+7", "3.14", ".5", "5.", "007", दोन्ही बाजूंना स्पेस असलेला " 42 ", रिकामा "", "1,000", "१२", "½", "12वा". प्रत्येकापुढे लिहा: माझ्या प्रोग्रॅममध्ये हे चालेल की नाही?

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नंतर तासन् तास घालवतात. सगळीकडे लागू पडेल असं या यादीचं एकच उत्तर नाही. तापमान विचारत असाल तर "-7" हवंच. वस्तूंची संख्या विचारत असाल तर "-7" नको आणि "3.14" पण नको. "5." पायथॉनच्या फ्लोटला (मजकुराची दशांश संख्या करणाऱ्या फंक्शनला) चालतं, पण फॉर्ममध्ये ते आलं तर बहुधा माणूस टाइप करता करता थांबलेला असतो. तयार फंक्शन ज्याने लिहिलं त्याने ही उत्तरं स्वतःच्या गरजेप्रमाणे ठरवलेली असतात. ती तुमच्या गरजेशी जुळतात का, हे तुमच्याकडे तुमची यादी असेल तरच कळेल.

ही खरंच संख्या आहे का?

फोन नंबर, खाते क्रमांक, पोस्टाचा कोड यांना आपण "नंबर" म्हणतो, पण त्यांची बेरीज किंवा सरासरी कधी कोणी काढत नाही. ती नावं आहेत, फक्त अंकांत लिहिलेली. त्यांची संख्या केली की सुरुवातीची शून्यं जातात. "007" चं 7 होतं आणि मूळ परत मिळत नाही. पुस्तकांच्या जुन्या दहा अंकी आयएसबीएनमध्ये शेवटच्या जागी कधीकधी एक्स हे अक्षर येतं, कारण तिथला तपासणी अंक १० निघाला तर तो एका घरात बसवायचा असतो. "सगळे अंकच असणार" असं धरून चालणारा कोड तिथे अडतो.

याहून बोलकं उदाहरण जीवशास्त्रातलं आहे. उंदरांच्या जनुकांच्या एका संग्रहात "2310009ई13" अशा धाटणीचे ओळख क्रमांक होते, मधलं अक्षर इंग्रजी ई. स्प्रेडशीटने ते वैज्ञानिक पद्धतीने लिहिलेले आकडे समजून २.३१ गुणिले दहाचा एकोणिसावा घात असे करून टाकले, आणि मूळ क्रमांक पुसले गेले. २००४ मध्ये संशोधकांनी याबद्दल लिहून सावध केलं होतं.

तेव्हा नाव असेल तर मजकूर मजकूरच ठेवा. फक्त लांबी आणि प्रत्येक अक्षर अंक आहे का एवढं तपासा. इथून पुढचं सगळं खऱ्या संख्यांबद्दल.

विचारत बसू नका, करून पाहा

नवशिक्याच्या मनात साहजिकच दोन टप्पे येतात: आधी "हा आकडा आहे का" असं एका फंक्शनला विचारायचं, मग दुसऱ्याकडून रूपांतर करून घ्यायचं. माझा स्पष्ट सल्ला आहे की हे दोन टप्पे करू नका. रूपांतर हीच तपासणी. जमलं तर संख्या हातात आली, नाही जमलं तर ती संख्या नव्हती. पायथॉनमध्ये याचा सांगाडा असा (इंट हे मजकुराचा पूर्णांक करणारं फंक्शन, नन म्हणजे "काहीच नाही"):

डेफ संख्या_काढ(मजकूर):
    ट्राय:
        रिटर्न इंट(मजकूर)
    एक्सेप्ट व्हॅल्यूएरर:
        रिटर्न नन

दोन टप्प्यांत धोका असा की विचारणारं फंक्शन आणि करणारं फंक्शन यांचे नियम वेगळे असू शकतात. पायथॉनमध्येच बघा. तिथे स्ट्रिंगला, म्हणजे मजकुराला, विचारायची तीन फंक्शन्स आहेत: इझडेसिमल, इझडिजिट आणि इझन्यूमेरिक. तिन्ही सारखीच वाटतात, पण तिघांची चाळणी वेगळी आहे. इझडेसिमल सगळ्यांत कडक, फक्त ० ते ९ असे नेहमीचे अंक घेतं, मग ते कुठल्याही लिपीतले असोत. इझडिजिट त्यात वर्गाचं चिन्ह "²" पण घेतं. इझन्यूमेरिक तर "½" आणि चिनी लिपीतला पाच "五" यांनाही होकार देतं. आता "²" ला इझडिजिट हो म्हणालं म्हणून तुम्ही तो निर्धास्तपणे इंटकडे पाठवलात, तर इंट एरर देतं. उलट बाजूने "-7" आणि "3.14" यांना तिन्ही फंक्शन्स नाही म्हणतात, कारण उणे चिन्ह आणि टिंब हे अंक नाहीत. ही फंक्शन्स "प्रत्येक अक्षर अंक आहे का" एवढंच सांगतात. "ही संख्या आहे का" हा प्रश्न त्यांच्यासाठी नाहीच.

वरच्या सांगाड्यात एक जागा नीट बघा: परत मिळालेली किंमत. ती तपासताना "इफ संख्या" एवढंच लिहिलंत तर वापरणाऱ्याने अगदी बरोबर टाइप केलेला "0" पण चुकीचा ठरेल, कारण पायथॉन शून्याला खोटं मानतो. "इफ संख्या इज नॉट नन" असं पूर्ण लिहा. आणि अपयश आलं तर ० परत करायचा मोह टाळा. खरं शून्य आणि चुकीचा मजकूर मग वेगळे काढता येत नाहीत.

इंट थोडं उदार आहे, हेही माहीत असू द्या. दोन्ही बाजूंच्या स्पेस ते स्वतः काढतं. पायथॉन ३.६ पासून "1_000" हे त्याला हजार म्हणून चालतं. "1,000" मात्र चालत नाही.

दशांश आला की दोन पाहुणे येतात

इंटच्या जागी फ्लोट वापरलं की "3.14" चालू लागतं, आणि त्याबरोबर "नॅन" आणि "इन्फ" हे इंग्रजीत लिहिलेले शब्दही चालू लागतात. पहिल्याचा अर्थ "संख्या नाही", दुसऱ्याचा "अनंत". एरर येत नाही, फ्लोट आनंदाने किंमत परत करतं. एखाद्या माणसाने नावाच्या जागी नॅन लिहिलं आणि ते आकड्याच्या रकान्यात सरकलं, तरी तपासणी पास.

यातलं नॅन जास्त त्रास देतं, कारण त्याची कुठल्याही संख्येशी तुलना केली की लहान नाही, मोठी नाही, सारखी नाही, असंच उत्तर येतं. समजा वयाची तपासणी तुम्ही अशी लिहिलीत: ० पेक्षा लहान किंवा १५० पेक्षा मोठं असेल तर परत पाठव. नॅन ० पेक्षा लहान नाही, १५० पेक्षा मोठंही नाही, म्हणून ते आत शिरतं. हीच अट उलट लिहा: ० किंवा जास्त, आणि १५० किंवा कमी असेल तरच आत घे. आता दोन्ही तुलना खोट्या ठरतात आणि नॅन बाहेर राहतं. म्हणून अट नेहमी स्वीकारायच्या बाजूने लिहावी. मर्यादाच नसेल तर मॅथ मॉड्यूलमधलं इझफायनाइट वापरा.

जावास्क्रिप्ट: इथे जपून

एकदा तापमानाच्या नोंदींचा एक छोटा फॉर्म मी लिहिला होता. रोजची सरासरी खाली खाली जात होती आणि कारण सापडेना. नोंदी एकेक करून वाचल्या तेव्हा दिसलं की ज्या वेळी कोणी काहीच लिहिलं नव्हतं तिथे शून्य अंश तापमान जमा झालं होतं. तपासणी इझनॅन या फंक्शनने केली होती, आणि रिकाम्या मजकुराला ते "हे नॅन नाही" असं उत्तर देत होतं.

असं का होतं? इझनॅन आधी मजकुराचं रूपांतर करतं, मग निकाल नॅन आहे का ते पाहतं. जावास्क्रिप्टमध्ये रिकाम्या स्ट्रिंगचं रूपांतर ० होतं. नुसत्या स्पेस असतील तरी ०. नल, म्हणजे "किंमतच नाही", दिलं तरी ०. त्यामुळे "नॅन नाही" हे उत्तर त्याच्या नियमाने बरोबर आहे. आपण त्याचा अर्थ "कोणीतरी आकडा लिहिला आहे" असा घेतो, ती चूक.

दुसरा सापळा पार्सइंट आणि पार्सफ्लोट यांचा. ती सुरुवातीपासून वाचत जातात आणि अंक संपले की थांबतात, पुढचं सोडून देतात. "12वा" दिलंत तर 12 मिळतं. मोजमापाच्या मजकुरातून आकडा उचलायला हे सोयीचं आहे. तपासणीसाठी मात्र वापरू नका.

जावास्क्रिप्टमध्ये मी आता हा क्रम ठेवतो. प्रथम मजकूर ट्रिम करायचा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या स्पेस काढायच्या. रिकामा उरला तर तिथेच नकार. मग नंबर फंक्शनने पूर्ण मजकुराचं रूपांतर, आणि निकाल नंबर डॉट इझफायनाइटला दाखवायचा. नॅन आणि अनंत दोन्ही तिथे गळतात. एवढं करूनही शून्य-एक्सने सुरू होणारे सोळा पायाचे आकडे आणि ई घातलेले घातांकी आकडे आत येतात. ते नको असतील तर पुढे सांगितलेला रेगेक्स, म्हणजे मजकूर ताडून पाहायचा साचा, लावा.

बाकीच्या भाषा, थोडक्यात

पीएचपीमध्ये इझ-न्यूमेरिक हे तयार फंक्शन आहे आणि रोजच्या कामाला ते ठीक आहे. मात्र घातांकी आकड्यांना ते हो म्हणतं, आणि आकड्यानंतर स्पेस असेल तर पीएचपी ८ च्या आधी नाही आणि ८ पासून हो म्हणतं. जुना कोड नव्या आवृत्तीवर नेताना एवढं लक्षात असू द्या.

सी-शार्पमधलं ट्रायपार्स मला सगळ्यांत नेटकं वाटतं: जमलं की नाही हे परत येतं आणि संख्या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये मिळते. फक्त दशांश असेल तर कल्चर (आकडे कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहिलेत ते) स्वतः सांगा, नाहीतर जर्मन सेटिंगच्या कॉम्प्युटरवर "1.234" चे हजाराच्या घरातले एक हजार दोनशे चौतीस होतील. गो आणि रस्ट यांतही रूपांतराबरोबरच एरर हातात मिळते. जावामध्ये पार्सइंट चुकीच्या मजकुरावर नंबर-फॉरमॅट-एक्सेप्शन फेकतं; ते पकडा.

सी भाषेत एटूआय वापरू नका. मजकूर चुकीचा असला तरी ते ० देतं. स्ट्रटूएल वापरा, वाचन कुठे थांबलं त्या जागेचा पत्ता, म्हणजे पॉइंटर, ते देतं. पॉइंटर सुरुवातीलाच असेल तर अंक सापडलेच नाहीत, स्ट्रिंगच्या शेवटी असेल तर सगळा मजकूर संख्येचा होता, मध्येच असेल तर पुढे कचरा आहे.

एसक्यूएल सर्व्हरचं इझन्यूमेरिक नुसत्या "+" किंवा "-" लाही हो म्हणतं. २०१२ च्या आवृत्तीपासून तिथे ट्राय-कास्ट आणि ट्राय-कन्व्हर्ट आहेत. जमलं नाही की नल मिळतो.

रेगेक्स कधी लावायचा

रेगेक्स मजकुराचा आकार तपासतो, किंमत तपासत नाही. लिहिण्याची पद्धत ठरावीकच हवी असेल तेव्हा तो उपयोगी पडतो. पूर्णांकासाठी:

^[+-]?[0-9]+$

आणि दशांशासह:

^[+-]?[0-9]+(\.[0-9]+)?$

दुसरा वाचून बघू. सुरुवात, मग असलं तर एक चिन्ह, मग किमान एक अंक, मग असलाच तर टिंब आणि त्यानंतर किमान एक अंक, मग शेवट. म्हणजे ".5" आणि "5." दोन्ही नाकारले जातील. टिंबाआधीची तिरकी रेघ विसरू नका. ती नसेल तर टिंबाचा अर्थ "कुठलंही अक्षर" होतो आणि "3#14" पण पास होतं. पायथॉनमध्ये शेवटचं डॉलर चिन्ह आकड्यानंतरची एक नवी ओळ चालवून घेतं; म्हणून तिथे फुलमॅच हे फंक्शन वापरावं.

आकार जुळला तरी रूपांतर करायचंच आहे. आकाराने अगदी बरोबर असलेला चाळीस अंकी आकडा जावाच्या इंटमध्ये मावणार नाही.

देवनागरी अंक

मराठीत टाइप करणारा माणूस "१२३" लिहिणार, आणि ते आपल्या प्रोग्रॅमने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. काही भाषांत हे आपोआप होतं. पायथॉनचं इंट "१२३" चे सरळ एकशे तेवीस करून देतं, फ्लोटला "१२.५" चालतं, जावाच्या पार्सइंटलाही देवनागरी अंक समजतात. जावास्क्रिप्टचं नंबर मात्र नॅन देतं, पीएचपी नाही म्हणतं. सी-शार्पमध्ये तर गंमतच वाटावी असा विसंवाद आहे: एकेका अक्षराला इझडिजिट विचारलं तर "१" अंक आहे असं उत्तर येतं, पण ट्रायपार्स "१२३" नाकारतं. दोन टप्प्यांत तपासू नका असं वर सांगितलं, त्याला हे आणखी एक कारण.

जिथे आपोआप होत नाही तिथे रूपांतराआधी अंक बदलून घ्या. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींतल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरी ० चा क्रमांक २४०६ आणि ९ चा २४१५, सलग. इंग्रजी 0 चा क्रमांक ४८. म्हणजे २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक अक्षरातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. चार ओळींचं काम आहे. याच्या अगदी पुढे, २४१६ वर, संक्षेपाचं लहान वर्तुळ "॰" बसलेलं आहे. ते शून्यासारखं दिसतं, पण अंक नाही. "१॰" आलं आणि रूपांतर झालं नाही तर आधी तिकडे संशय घ्या.

रेगेक्समध्ये अंकांसाठी तिरकी रेघ आणि डी हे अक्षर वापरण्याची पद्धत आहे. पायथॉनमध्ये त्यात देवनागरी अंक येतात, जावास्क्रिप्टमध्ये येत नाहीत. म्हणून मी वर [0-9] असं उघड लिहिलं. देवनागरी पण हवे असतील तर [0-9०-९] लिहा.

न दिसणारी अक्षरंही इथेच सांगतो. दुसरीकडून कॉपी केलेल्या आकड्यात शून्य रुंदीची स्पेस येऊ शकते. ट्रिम ती काढत नाही. टाइपसेट केलेल्या मजकुरातलं उणे चिन्ह "−" आणि की-बोर्डवरचं "-" ही दोन वेगळी अक्षरं आहेत, आणि इंट फक्त दुसरं ओळखतं. आकडा डोळ्यांना बरोबर दिसतो आणि तरी एरर येते, तेव्हा स्ट्रिंगची लांबी आणि एकेका अक्षराचा क्रमांक छापून बघा. पाच मिनिटांत उलगडा होतो.

स्वल्पविराम

"1,234.56", "1.234,56", "12,34,567" तिन्ही कुठे ना कुठे बरोबर आहेत. सगळे स्वल्पविराम सरसकट काढून टाकणं सोपं वाटतं, पण दशांशासाठी स्वल्पविराम वापरणाऱ्याचा "3,5" त्याने पस्तीस होतो, आणि कुठेही एरर येत नाही. इनपुट कुठल्या पद्धतीचं आहे हे माहीत असेल तरच काढा. माहीत नसेल तर नकार द्या आणि परत विचारा.

मावतो का?

जावास्क्रिप्टच्या साध्या नंबरमध्ये ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतचे पूर्णांक बिनचूक राहतात. त्यापुढे "9007199254740993" दिलंत तर शेवटचा अंक 2 होऊन परत येतो, गुपचूप. नंबर डॉट इझसेफइंटिजर विचारून घ्या. पैशांच्या रकमा असतील तर फ्लोटऐवजी डेसिमल प्रकार वापरा, कारण ०.१ आणि ०.२ ची बेरीज फ्लोटमध्ये बरोबर ०.३ येत नाही.

आता ती यादी परत काढा

सुरुवातीला केलेली यादी आता टेस्ट म्हणून कोडमध्ये घाला: डावीकडे मजकूर, उजवीकडे अपेक्षित उत्तर, आणि सगळ्यांवरून एक लूप. त्यात नल, रिकामी स्ट्रिंग, नुसत्या स्पेस, नुसतं "-" आणि तुमच्या मर्यादेच्या अलीकडचा आणि पलीकडचा एकेक आकडा जोडा. पायथॉनमध्ये नन पाठवून बघाल तेव्हा वरचा सांगाडा कोसळेल, कारण तिथे व्हॅल्यूएरर येत नाही, टाइपएरर येते. ती पकडायची की नन आत येऊच द्यायचा नाही, हे तुम्ही ठरवा. माझं मत दुसऱ्या बाजूने आहे: नन आला म्हणजे चूक आधीच कुठेतरी झालेली असते, ती दिसली पाहिजे.

वापरणाऱ्याला दाखवायच्या संदेशावर थोडा वेळ द्या. "अवैध इनपुट" वाचून कोणालाच काही कळत नाही. "वय पूर्ण आकड्यात लिहा, उदाहरणार्थ 25. तुम्ही लिहिलं: 25 वर्षे" असं लिहिलं की माणूस स्वतःच दुरुस्त करतो. त्याने टाइप केलेलं पुसून टाकू नका, चौकटीत तसंच राहू द्या.